नवमीचं पाणी

कोंडखारात माणूस गेलं की पहिला निरोप नातेवाइकांना जात नसे, काशिराम मढवीकडे जात असे. मुलगी वसईला असो, भाऊ पेणला असो, ते सगळे मागाहून. आधी घरातलं कोणीतरी काशिरामच्या ओटीवर यायचं आणि विचारायचं, "काशिरामदादा, पानी कवा?" काशिराम हातातला चहा खाली ठेवायचा, बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवून तिथी काढायचा आणि सांगायचा, "कोनाची वाट बघू नका, उचला लगेच." नाहीतर म्हणायचा, "बसा निवांत. पावने येऊ द्या." त्याने एकदा सांगितलं की त्यावर कोणी वाद घालत नसे, मेलेला माणूस कितीही मोठा असला तरी.

याला कारण गावचं मसण. पनवेलहून हायवे सोडून खाडीच्या अंगाला उतरलं की टॉवरांच्या पाठीमागे लपलेलं कोंडखार लागतं. गाव संपलं की मातीचा बांध सुरू होतो आणि बांधाच्या टोकाला, खारफुटीच्या तिवरांच्या अलीकडे, प्रेतं जाळायचा दगडी चौथरा आहे. जुन्या माणसांनी तो असा खाडीच्या तोंडावर का बांधला हे सांगायला आता कोणी उरलेलं नाही. पण त्यामुळे गावाला एक रीत पडली. कोंडखारात राख भरत नाहीत. अस्थींची चिमूट तेवढी घेतात आणि बाकी सगळं चौथऱ्यावर तसंच ठेवून घरी येतात. पुढच्या अवसेला नाहीतर पुनवेला उधाण येतं, पाणी चौथऱ्यावर चढतं आणि माणसाला घेऊन जातं. 'खाडीने नेलं' असं गावात म्हणाले की समजावं, त्या जिवाचं सगळं रीतसर पार पडलं.

मात्र खाडीने यायचं ते सगळं आटोपल्यावर. सरण पेटलेलं असताना तिने येता कामा नये, आणि तेवढं बघायचं काम काशिरामचं. काम म्हणजे नेमणूक नव्हे आणि पगार तर नव्हेच. मामा करायचा, मामानंतर भाच्याने हात घातला, झालं. पोटासाठी तो मिठागरात राबला, मिठागर बंद पडल्यावर कंटेनरच्या एका यार्डात गेटवर बसला. पण साहेब लोकांना सलाम ठोकणारा हा माणूस मसणात शिरला की वेगळाच व्हायचा. तिथे आमदाराचा सासरासुद्धा त्याच्या शब्दाबाहेर नव्हता. एकदा असाच एक पुढारी, मुंबईहून साहेब यायचे आहेत, थोडं थांबा, म्हणून अडून बसला. काशिराम म्हणाला, "तुमी थांबा साहेबासाठी. खाडी थांबनार नाय." आणि त्याने सरळ गोवऱ्या रचायला घेतल्या.

त्याचा हिशोब तसा सोपा होता. उधाणाच्या दिवसांत दोन भरत्यांच्या मधल्या वेळात माणूस उरकून घ्यायचा. अष्टमी-नवमीच्या आसपास मात्र भरती मंद असते, तिला भांग म्हणतात. त्या दिवसांत खाडी आळसावते, कशीबशी तिवरांच्या मुळांपर्यंत येते आणि तिथूनच मागे फिरते. भांगात मेलेला माणूस नशीबवान, त्याला सगळे पाहुणे भेटतात. हे सगळं काशिराम अशा थाटात सांगायचा, जणू खाडीने त्याच्याकडे अर्ज करूनच सुट्टी घेतली आहे.

गावाने त्याची टिंगल कमी केली नाही. तो आजाऱ्याला बघायला गेला की घरचे त्याच्या बोटांकडे बघत बसायचे. हा उशाशी बसून विचारपूस करतोय की मनातल्या मनात तिथी काढतोय, याचा भरवसा नसे. दीनानाथच्या आईने तर त्याला उंबऱ्यातच धरला होता. "माझं पानी बघाय आलास काय रं मेल्या? चाय पी आनि चालू लाग." म्हातारी पुढे चांगली आठ-दहा वर्षं जगली आणि दीनानाथ हा काशिरामचा जिवलग मित्र असूनही दर पितृपक्षात त्याला ते ऐकवत राहिला.

घरात मात्र काशिरामचं काही चालत नसे. घरात हौसाचं राज्य. चिंबोऱ्या, निवट्या, खाडीतली कोलंबी, जे मिळेल ते पाटीत घालून ती पनवेलच्या बाजारात बसायची आणि तिच्यापुढे भाव पाडून मागायची हिंमत भल्याभल्यांना होत नसे. नवरा मसणातून आला की मागच्या दारी पाण्याची बादली तयार असायची. अंगावर पाणी घेतल्याशिवाय आत पाऊल नाही. आणि बादली ओतता ओतता ती एकच गोष्ट विचारायची, "कसा गेला?" म्हणजे मेला कसा, असं नव्हे. जळला कसा. काशिराम म्हणायचा, "बरा गेला." की मग ती जेवायला वाढायची. उभ्या संसारात दोघांनी एकमेकांना प्रेमाचा शब्द दिला असेल तर तो हाच, असं म्हटलं तरी चालेल.

दोनेक वर्षांमागे दीनानाथचा चुलतभाऊ शहरातल्या दवाखान्यात वारला. पुनवेचे दिवस होते, चौथऱ्यावर पाणी होतं, म्हणून त्याला तिकडच्याच स्मशानात गॅसवर दिला. काशिराम सोबत गेला होता. त्या दिवशी हौसाने विचारल्यावर तो म्हणाला, "काय सांगू? गाडीवर ठेवला, आत ढकलला, दार लावला. कसा गेला कोनाला म्हायती."

हौसा हातातली बादली तशीच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मना तिथं नको नेऊ."

"तूच आधी जानार, कोनी सांगितलान?"

"तू आधी गेलास तर मना नीट कोन पेटवील? म्हनून मीच आधी जातंय." आणि मग हसू आवरून म्हणाली, "खरंच सांगतंय. दाराआड नको. आपल्या चौथऱ्यावर दे, आनि खाडीला नेऊ दे."

"बरं," काशिराम म्हणाला. एवढंच म्हणाला, पण शब्द दिला तो दिला.

खाडी बदलत चालली होती हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. आंधळ्यालाही दिसावं असं होतं. गावाच्या दक्षिणेला बांधाला खांड पडली, म्हणजे पाण्याने मोठं भगदाड पाडलं. पूर्वी खांड पडली की हाळी जायची, घरटी एक माणूस धावायचा आणि हातोहात चिखलाचे गोळे देत ओहोटी आहे तोवर बांध बुजवून टाकायचा. या वेळी हाळी द्यायची कोणाला? बांधामागची शेतं विकली गेली होती, घेणारा कोण ते कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि पोरं कंपन्यांत. खांड राहिली ती राहिली. ज्या खाचरांत राता, म्हणजे तांबडा, भात पिकायचा तिथे गुडघाभर तिवरं उगवली. विहिरीचं पाणी मचूळ झालं. उधाण पूर्वी चौथरा धुऊन परतायचं, ते आता गावदेवीच्या पायरीला येऊन टेकायला लागलं. चौथराही एका अंगाने खचला. वैशाखात खाडीत पाय घातला तर पाणी कोमट लागायचं. टीव्हीवर सांगत होते, समुद्र तापतोय, समुद्र चढतोय, या बाजूला कधी नव्हती ती वादळं आता होणार. शहरातले लोक ते ऐकून पंखा वाढवायचे.

काशिरामकडे प्रत्येक गोष्टीचं वेगळं कारण तयार असायचं. पाणी वर आलं? पलीकडे भराव पडला म्हणून. ओहोटी पुरती उतरत नाही? गाळ साचला म्हणून. मागच्या भादव्यात भरती तासभर आधीच येऊन बसली, तर म्हणाला गिराण, म्हणजे ग्रहण, होतं. खाडी बिघडली, असं तो शंभरदा म्हणाला असेल. आपला हिशोब बिघडला, असं एकदाही नाही. त्याला बोल लावायला जीभ रेटत नाही, कारण त्याच्याजवळ दुसरं होतं काय? मिठागर गेलं, शेत गेलं, गेटवरची नोकरी वयाने नेली. गाव अजून ओटीवर येऊन विचारत होतं, "पानी कवा?" तेवढ्यावर तो ताठ चालत होता.

वैशाख वद्य नवमीला सकाळी हौसा गेली. फार काही झालं नाही. चार दिवस ताप होता, डॉक्टर झाले, सलाईन झालं, बरं वाटतंय म्हणून घरी आणली, आणि कीर्तीने, म्हणजे सुनेने, पेज भरवताना दुसरा घास तोंडातून तसाच ओघळला. अहेव गेली म्हणून बायकांनी हिरवी साडी काढली, हळद लावली, ओटी भरली. काशिराम खांबाला टेकून बसला होता. कुंदन, त्याचा मुलगा, जवळ येऊन उभा राहिला. गावच्या सवयीने त्याच्याही तोंडून तेच निघालं. "बाबा, पानी...?"

काशिरामला पेरं मोजावी लागली नाहीत. "नवमी हाय," तो म्हणाला. "भांग. तुझ्या आयेनं दिवस बरोबर निवडलान." आणि त्याच्या डोळ्यांना तेव्हा पहिल्यांदा पाणी आलं.

कीर्तीचं माहेर उरणचं, कोळ्याचं घर. तिच्या बापाचा सकाळीच फोन आला होता. बाहेर दर्यात मोठं वादळ फिरतंय, इकडे येणार नाही म्हणतात, पण दोन दिवस दक्षिणेचा वारा पाणी नुसतं ढकलतोय, बोटी सगळ्या आत घेतल्यात, भांग असून जेटीवर पाणी चढलंय. कीर्तीने ते नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने बापाला.

"उरनचा दर्या येगला, आपली खाडी येगली," काशिराम म्हणाला.

"बाबा, मी म्हणतो, आईला शहरातच नेऊ या का? गाडी लगेच येईल."

काशिरामने मुलाकडे असं पाहिलं की कुंदनने पुढचं वाक्य गिळलं. तो कंपनीत सुपरवायझर होता, माणसांना कामाला लावायची त्याला सवय होती. पण कोंडखारात सरणाच्या वेळेवरून काशिराम मढवीशी वाद घालायचा म्हणजे भटजीला मंत्र शिकवण्यासारखं होतं. शिवाय आईने काय मागितलं होतं ते त्यालाही ठाऊक होतं.

आणि इथेच ती चूक झाली. उधाण असतं तर काशिरामने पोटच्या पोरीसाठीही घटकाभर थांबू दिलं नसतं. पण हा भांग होता. रंजिता, त्याची मुलगी, वसईहून निघाली होती आणि घोडबंदरला गाड्यांच्या रांगेत अडकली होती. फोनवर तिचं रडणं थांबत नव्हतं. "बाबा, मना आयेचं त्वांड बघायचं हाय. नेऊ नका." काशिराम म्हणाला, "ये सावकाश. पानी आपल्या हातात हाय." आयुष्यभर त्याने लोकांना जी सवलत दिली ती आज स्वतःच्या लेकीला दिली. कोणता बाप देणार नाही?

दुपारी तो दीनानाथला घेऊन सरण रचायला गेला. ओहोटीची वेळ होती. या वेळी तिवरांच्या पलीकडे लांबवर काळा चिखल उघडा पडायला हवा होता, त्यावर बगळे चालायला हवे होते. चिखल दिसत नव्हता. पाणी तिवरांच्या मुळांतच उभं होतं, हलत नव्हतं. सकाळची भरती पुरती उतरलीच नव्हती. दीनानाथने ते पाहिलं आणि काशिरामकडे पाहिलं. काशिरामनेही पाहिलं होतं. त्याने मान वळवली आणि लाकडं लावायला घेतली.

"मी रचतो," दीनानाथ म्हणाला. "तू बस. आपल्या मानसाचा कोनी रचतं काय?"

"दुसऱ्याच्या हातचा तिला चालायचा नाय," काशिराम म्हणाला.

जाड ओंडके खाली, वारा जायला फट ठेवून. कमरेखाली जास्त, छातीवर सुकं हलकं. हे हात गावातल्या किती माणसांसाठी चालले होते, पण एवढे सावकाश कधी चालले नव्हते. खचलेल्या अंगाला त्याने दोन दगड जास्त घातले, तिला वाकडं वाटू नये म्हणून.

रंजिता आली, आईच्या अंगावर पडून रडली, आणि ऊन कलता कलता तिरडी उचलली. बायका रीतीप्रमाणे बांधाच्या तोंडाशी थांबल्या. चौथऱ्यावर कुंदनने अग्नी दिला. वारा होता, लाकडं पायाकडून धरायला लागली. माणसं बांधावर उकिडवी बसली. कोणी तंबाखू मळली, कोणी हलक्या आवाजात हौसाची आठवण काढली, एका गिऱ्हाइकाच्या डोक्यावर तिने एकदा अख्खी पाटी कशी उलटी केली होती ती. दोघेतिघे हसले. काशिरामलाही बरं वाटलं. सगळं रीतसर चाललं होतं.

पाणी पहिल्यांदा आवाजाने कळलं. तिवरांतून बुडबुड असा आवाज येत होता, खेकड्यांची बिळं भरताना येतो तसा. मग ते मुळांच्या बाहेर आलं. "आथा फिरंल," काशिराम म्हणाला. पाणी चौथऱ्याच्या खालच्या दगडाला लागलं. "हितंच फिरतं तो," तो म्हणाला, पण या वेळी कोणाकडे न बघता. पाणी पहिला दगड चढलं. मागून कोणीतरी ओरडलं म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं, तर खांडीतून शिरलेलं पाणी मागच्या खाचरांत भरून बांधाच्या दुसऱ्या अंगालाही आलं होतं. गावाकडे जायची वाट मधोमध सखल होती, तिथे ती दिसेनाशी झाली होती.

मग धावपळ सुरू झाली. दीनानाथ म्हणाला, चिखलाने बांधा, चौथऱ्याभोवती कडं घाला. म्हाताऱ्यांनी धोतरं खोचली. पोरं पांढऱ्या शर्टांनी चिखलात उतरली, पण चिखलाचा गोळा कसा कापायचा, हातातून हातात कसा द्यायचा, हे त्यांना कोणी शिकवलं होतं? ओल्या वाळूसारखा तो बोटांतून गळायचा. गावात एकाच्या दारात जेसीबी उभा होता. कोणीतरी फोन लावला. मालक म्हणाला, बांधावर घातला तर बांधासकट खाडीत जाईल. खरंच होतं ते. तरी कडं उभं राहिलं, ओबडधोबड, गुडघ्याएवढं, आणि बाहेरचं पाणी खरोखर अडलं. सगळ्यांनी श्वास सोडला.

पाणी आतून आलं. खचलेल्या चौथऱ्याच्या सांध्यांतून, खालून, गुपचूप. सरणाच्या तळाशी चर्र झालं आणि पांढरी वाफ निघाली.

काशिराम कडं ओलांडून आत गेला. ओंडके तरंगून बाजूला सरकत होते, तो बांबूने ते परत आत ढकलत होता. एक ढकलावा तर दुसरा सुटायचा. धूर डोळ्यांत जात होता, पाणी पिंढऱ्यांपर्यंत आलं होतं, कोमट. "थांब ना गं," तो खाडीला म्हणाला. आधी हळू म्हणाला, मग मोठ्याने ओरडला. "थांब ना गं बाय! एवढं होऊ दे! मग ने की, कोन नाय म्हनतं!" उभं आयुष्य त्याने खाडीचं ऐकलं होतं, तिच्या वेळा पाळल्या होत्या, तिच्यासाठी पुढाऱ्यांशी भांडला होता. एका संध्याकाळी तिने त्याचं ऐकावं, एवढंच त्याचं मागणं होतं. खाडी काही वाईट नव्हती. ती फक्त वर येत होती, जिथे कुठे जागा मिळेल तिथे.

जाळ विझला. हिरवी साडी जळून गेली होती. बाकी हौसा बरीचशी होती तशीच होती, आणि सगळ्यांत वाईट तेच होतं. पुरुषांनी माना फिरवल्या.

कुंदन पाण्यातून बापाजवळ आला. तो लहान मुलासारखा रडत होता. "बाबा, काय करू? सांगा ना, काय करायचं?"

सगळे काशिरामकडे बघत होते. अशा वेळी त्याच्याकडेच बघायचं असतं, याची सगळ्या गावाला सवय होती. काशिरामने बांबू सोडून दिला. बांबू पाण्यावर तरंगत गेला.

"मना नाय म्हायती," काशिराम म्हणाला.

पुढचं दीनानाथने केलं. चौथऱ्याजवळच्या लाकडांच्या शेडचा एक पत्रा उचकटून काढला, त्यावर दोन ओल्या चादरी घातल्या, चौघांनी मिळून हौसाला त्यावर घेतलं. बांध दिसत नव्हता. पुढचा माणूस पायाने चाचपत चालायचा, मागचे त्याच्या पावलांवर. मध्ये पाणी कमरेला आलं तेव्हा पत्रा डोक्याच्या उंचीला धरावा लागला. काशिराम एका बाजूने हात लावून चालत होता, पण त्याच्या हाताचा भार पत्र्यालाच जास्त होत होता. मसणात नेलेलं माणूस परत येताना कोंडखारने तोवर कधी पाहिलं नव्हतं. बांधाच्या तोंडाशी बायका होत्या. त्यांचा आवाज आधी बंद झाला. मग रंजिता पुढे आली आणि बापाला म्हणाली, "बाबा, आयेला परत कशाला आनलीव?"

ती रागावून विचारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. आपल्यासाठी थांबले म्हणून हे झालं, हे तिच्या अजून लक्षात आलं नव्हतं, आणि ते तिला कधीच कळू नये असं काशिरामला वाटलं. कीर्तीने पुढे होऊन तिला धरलं आणि बाजूला नेलं.

शहरातून गाडी आली. तिकडच्या स्मशानातल्या माणसाने चादर थोडी वर करून पाहिली, पुन्हा नीट घातली आणि काही विचारलं नाही. त्याचे उपकार म्हणायचे. दार उघडलं, दार बंद झालं. आत यंत्राचा एकसारखा आवाज सुरू झाला. काशिरामने पुढे होऊन दाराला हात लावला. दार गरम होतं. त्याने हात मागे घेतला आणि बाहेर येऊन बाकड्यावर बसला.

कुंदन टपरीवरून दोन चहा घेऊन आला. बापाच्या सदऱ्यातून अजून पाणी गळत होतं, पायांवरचा चिखल सुकून पांढरा पडला होता. कुंदनने त्याच्या हातात ग्लास दिला. तो ग्लास स्वतःही धरून राहिला.

"कुंदन," काशिराम म्हणाला, "माझ्या टायमाला मना सरल हितं आन. घरातनं उचल आनि हितं आन. तिकडं नेऊ नको. पानी बघत बसू नको."

"असं काय बोलता बाबा," कुंदन म्हणाला.

पण ते तो मागाहून म्हणाला. त्याआधी, बापाचं बोलणं पुरं होताच, त्याचे आखडलेले खांदे खाली आले आणि त्याने मोठा श्वास सोडला. पोराला हायसं वाटलं होतं. काशिरामने ते पाहिलं. त्याला राग यायला हवा होता. तो आला नाही. त्याने मान हलवली आणि चहा पिऊन टाकला.